गिनीपिगला काय वाढावे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

कवीने गिनीपिगच्या आहारावर का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. येणे साहजिक आहे. माझा व्यवहार शब्दांशी. पण एखाद्या शब्दाच्या मागे लागले की माणूस कुठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो. मराठीत आपण सहज म्हणतो, 'आम्हाला काय गिनीपिग समजता?' नवी परीक्षापद्धती आली की पालक असे म्हणतात, नवे औषध आले की रोगी म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी रुळला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी तो प्राणी पाहिलाही नव्हता. शब्द आधी आला, प्राणी मागाहून.

आता तो प्राणीही आला आहे. शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत, पिंजऱ्यात बसून शिट्टीसारखा आवाज काढताना दिसतो. कुत्र्याला फिरवायला घरात कुणाला वेळ नसतो, मांजर शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून मुलांच्या हट्टापायी कुणाकडे गिनीपिग येतो, कुणाकडे हॅमस्टर, कुणाकडे पांढरा उंदीर. आणि पहिल्याच संध्याकाळी घरात प्रश्न पडतो, याला खायला काय घालायचे?

प्रश्न साधा दिसतो. पण याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना माणसाला स्वतःच्या एका जुन्या, भयंकर रोगाचे कारण सापडले. ती हकिकत आज सांगायची आहे.

सुरुवात नावापासून करू. गिनीपिग गिनी देशातला नाही आणि डुकराशी त्याचा काहीही संबंध नाही. तो कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागांतल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याला 'कुई' म्हणतात. त्याच्या आवाजावरूनच हे नाव पडले असावे, असे मानतात. आपला कावळा 'काव'वरून आणि चिमणी 'चिव'वरून आठवते, तसेच हे.

अँडीजमध्ये तो पाळला गेला तो मुख्यतः खाण्यासाठी, आपल्याकडे घरोघरी कोंबड्या असतात तसा. कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या मध्यावर काढलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे. त्या चित्रात येशूपुढच्या ताटात भाजलेला कुई आहे, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. डोंगरातल्या घरांत हे प्राणी स्वयंपाकघरातच, चुलीच्या उबेला राहत. घरची बाई त्यांच्यापुढे गवताची पेंढी टाकी, मक्याची पाने टाकी, निवडलेल्या भाजीचे देठ आणि साली टाकी. तिला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. पण तिच्या जमिनीवर पडलेल्या त्या हिरव्या कचऱ्यात या प्राण्याला लागणारे सगळे होते. त्याची खरी आबाळ सुरू झाली ती या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर.

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांबरोबर तो युरोपात पोचला. कॉनराड गेसनर या स्विस पंडिताने १५५४ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रथम श्रीमंतांच्या घरचे खेळणे, आणि मग हळूहळू प्रयोगशाळेतले जनावर, असा त्याचा प्रवास झाला. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, असे दाखवले. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचे जंतू जगापुढे मांडले, तेही गिनीपिगवर पडताळून.

आपल्या मुंबईनेही त्याचे ऋण घेतले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो नेमका कसा पसरतो याचा शोध घेण्यासाठी १९०५ साली आलेल्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेत काम केले. त्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून दिले. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा त्यांच्या अंगावर जमा झाल्या आणि त्यातले काही प्लेगने मेले. मग काही पिंजरे जमिनीलगत आणि काही पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचावर टांगले. उंचावरचे वाचले. प्लेग हवेतून नव्हे, पिसवेतून येतो, हे असे सिद्ध झाले. 'आम्हाला काय गिनीपिग समजता?' या वाक्यामागे अशी कितीतरी नोंद न झालेली मरणे आहेत.

पण प्रयोगाच्या जनावरालाही जेवायला लागतेच. प्रयोगशाळेचा नोकर त्याच्यापुढे स्वस्तात मिळणारे धान्य टाकी. ओट, कोंडा, कधी पाव. उन्हाळ्यात बरोबर थोडा हिरवा पाला असे. हिवाळ्यात तो नसे. अमेरिकेतले थिओबाल्ड स्मिथ हे जनावरांच्या रोगांचे मोठे अभ्यासक. त्यांनी १८९५च्या सुमारास नोंद केली की, गवत, क्लोव्हर, कोबी असे काही न देता गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवले तर काही आठवड्यांत त्याच्या कातडीखाली रक्त साकळते आणि तो मरतो. नोंद अचूक होती. पण तिचे पुढे काही झाले नाही. स्मिथ दुसऱ्या रोगाच्या मागावर होते. त्यांच्या दृष्टीने ती जनावरांच्या व्यवस्थेतली एक अडचण होती.

कातडीखाली रक्त साकळणे हे लक्षण दर्यावर्दी माणसांना मात्र चांगले परिचयाचे होते. त्या रोगाचे नाव स्कर्व्ही. हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हलतात, सांधे धरतात, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि शेवटी माणूस जातो. वास्को द गामाची जहाजे १४९८च्या ऑक्टोबरात आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. वारा पडलेला. आफ्रिकेचा किनारा गाठायला तीन महिने लागले. तेवढ्यात तीसेक खलाशी याच रोगाने गेले. मालिंदीच्या बंदरात पोचताच त्या लोकांनी पहिल्यांदा काय मागवले असेल? संत्री. अनुभवाने त्यांना औषध कळले होते, कारण कळले नव्हते.

१७४७ साली जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्वांना द्यायला १७९५ साल उजाडले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांनी भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबे सोडून वेस्ट इंडिजमधली छोटी हिरवी लिंबे घेतली. रस आंबट होता, नावही जवळपास तेच होते. पण १८७५च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत रस पिऊनही लोक आजारी पडले. मग डॉक्टर म्हणू लागले, लिंबाचा काही उपयोग नाही, हा रोग नासलेल्या मांसातल्या विषाने होतो. हातात आलेले ज्ञान असे निसटून गेले.

ते परत मिळवून दिले गिनीपिगने. नॉर्वेची राजधानी ऑस्लो, तेव्हाचे नाव क्रिस्तियानिया. तिथल्या विद्यापीठात ॲक्सेल होल्स्ट हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. नॉर्वेच्या खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या रोगाचा ते अभ्यास करत होते. डच लोकांनी जावा बेटावर सडलेल्या तांदळावर कोंबड्या ठेवून बेरीबेरीचा अभ्यास केला होता, तो त्यांनी तिथे जाऊन पाहिला होता. सस्तन प्राण्यावर तेच करून पाहावे, म्हणून त्यांनी गिनीपिग निवडले आणि त्यांना धान्य आणि पाव यांवर ठेवले. बेरीबेरी झालीच नाही. झाले ते भलतेच. हिरड्या, सांधे, हाडे, रक्त साकळणे, सगळे स्कर्व्हीसारखे. लहान मुलांच्या स्कर्व्हीत रस असलेले थिओडोर फ्रलिक हे बालरोगतज्ज्ञ त्यांच्या जोडीला आले. दोघांनी त्याच प्राण्यांना कोबी दिली, लिंबाचा रस दिला, आणि रोग टळला. हा निबंध १९०७ साली प्रसिद्ध झाला.

यात योगायोग किती मोठा होता पाहा. होल्स्ट यांनी गिनीपिगऐवजी साधा उंदीर घेतला असता तर तो धान्यावर बिनतक्रार जगला असता. कारण उंदीर, हॅमस्टर, ससा, कुत्रा, शेळी, गाय हे सगळे क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. त्यासाठी लागणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, गिनीपिगमध्ये नाही. ते बनवणारे जनुक त्याच्या वंशात केव्हाच निकामी झालेले आहे. माणसात आणि माकडांतही तसेच झाले आहे. म्हणजे या एका बाबतीत तो चिमुकला प्राणी आपल्या घरच्या कुत्र्यापेक्षा आपल्याला जवळचा. आपल्यासारखेच त्यालाही हे रोज बाहेरून, ताटातून मिळावे लागते.

हे पुस्तकातले ज्ञान आमच्या सोसायटीत एकदा अगदी दारात येऊन उभे राहिले. खालच्या मजल्यावरचा एक शाळकरी मुलगा मला चाचा म्हणतो. त्याचा तपकिरी-पांढरा गिनीपिग चार दिवस कोपऱ्यात बसून होता. मागचे पाय ओढत होता, हात लावला की ओरडत होता, खात नव्हता. 'चाचा, तो उठतच नाही,' एवढेच तो पोरगा सांगत होता. आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासण्याआधी एकच विचारले, 'हिरवे काय देता?' मुलगा म्हणाला, 'काहीच नाही. दुकानातले काका म्हणाले, पक्ष्यांची बाजरी आणि सशांच्या गोळ्या दिल्या की पुरते. कधी कधी बिस्किट देतो.' सशांच्या गोळ्यांत क जीवनसत्त्व घालत नाहीत, कारण सशाला त्याची गरज नसते. डॉक्टरांनी त्याला क जीवनसत्त्व सुरू केले, गवत आणि भाज्या लिहून दिल्या. आठवड्याभरात तो प्राणी पिंजऱ्याच्या गजांवर तोंड घासू लागला. त्या दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हते. थिओबाल्ड स्मिथ यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट त्याच्या दुकानापर्यंत पोचलीच नव्हती, इतकेच.

आता आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला एक प्रसंग. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत-अल-अमारा या गावी तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. ही फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात ताजी भाजी कुणालाच नव्हती. गोऱ्या सैनिकांना सुरुवातीला पांढऱ्या पिठाचा पाव मिळे, त्यांच्यात बेरीबेरी दिसू लागली. हिंदी सैनिक आटा आणि डाळ खात, म्हणून त्यातून ते वाचले. पण स्कर्व्ही झाली ती हिंदी सैनिकांना. गोरे सैनिक घोड्याचे ताजे मांस खात होते आणि ताज्या मांसात थोडेफार क जीवनसत्त्व असते. हिंदी सैनिकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती तारेने मागवण्यात आली, तरी बरेच दिवस बहुतेकांनी ते मांस तोंडात घातले नाही. घोड्याच्या मांसाविषयी आमच्या धर्मशास्त्रातही एकमत नाही. पण पिढ्यान् पिढ्या न खाल्लेला घास केवळ फतव्याने घशाखाली उतरत नाही, हे मला समजू शकते. तटाआड कोंडलेल्या त्या माणसांना काय खावे याची निवड करायला जागाच उरली नव्हती.

अशा सैनिकांसाठी काय पाठवावे, हा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये सोडवला जात होता. पुरुष शास्त्रज्ञ युद्धकार्यात गुंतलेले. काम पुढे नेले ते बायांनी. हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम, रूथ स्केल्टन, मेरियन डेल्फ ही त्यातली काही नावे. त्यांनी गिनीपिगना ओट, कोंडा अशा आहारावर ठेवले आणि एकेक पदार्थ किती दिला असता स्कर्व्ही टळते ते मोजले. आंबट लागते म्हणून औषधी, असे मानायचे नाही. मोजून पाहायचे. वेस्ट इंडिजच्या हिरव्या लिंबाचा ताजा रस मोठ्या पिवळ्या लिंबाच्या रसाच्या सुमारे एक चतुर्थांशच गुणकारी ठरला. आरमाराचा पन्नास वर्षांचा घोटाळा असा उलगडला.

त्यांचा दुसरा निष्कर्ष ऐकून मराठी माणसाला हसू येईल. वाळलेल्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारे तत्त्व जवळजवळ नसते. पण तेच कडधान्य दिवसभर भिजवून, ओल धरून, मोड येईपर्यंत ठेवले की ते तत्त्व त्यात तयार होते. म्हणजे आपली मोड आलेली मटकी! आपल्या आज्या-नान्या फडक्यात मूग बांधून ठेवत आल्या, त्याचा गुण लंडनच्या गिनीपिगवर मापला गेला. जिथे ताजी फळे पोचत नाहीत तिथे सैन्याला मोडाची कडधान्ये द्यावीत, अशी शिफारस या संशोधक बायांनी केली. आजारी सर्बियन सैनिकांवर झालेल्या एका चाचणीत मोड आलेल्या घेवड्याचा गुण लिंबाच्या रसाइतकाच, किंबहुना थोडा अधिक आला. अट एकच, कडधान्य अख्खे हवे. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. आणि शिजवायचेही बेताचेच. फार शिजवले की मिळवलेले निघून जाते.

आता उंदराकडे वळू, कारण त्याचाही आपल्या जेवणाशी जुना संबंध आहे. रॉबर्ट मॅककॅरिसन हे इंग्रजी अमदानीतले सैनिकी डॉक्टर. नीलगिरीतल्या कुन्नूर इथे त्यांची आहारसंशोधनाची प्रयोगशाळा होती. १९२०च्या दशकात त्यांनी एकाच जातीच्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचे जेवण दिले. वाढीच्या क्रमात शिखांच्या जेवणाचा गट पहिला आला. मग पठाणांचा, मग मराठ्यांचा, मग गुरख्यांचा, पुढे कानडी आणि बंगाली आणि शेवटी मद्रासी. गव्हाची पोळी, दूध, लोणी, पालेभाजी असलेल्या ताटावर उंदीर धष्टपुष्ट झाले आणि धुतलेल्या, सडलेल्या तांदळाच्या ताटावर खुरटले.

अमका समाज लढवय्या आणि तमका नाजूक, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. सरकार सैन्यभरतीही त्याच समजुतीवर करी. पण मॅककॅरिसन यांच्या पिंजऱ्यांतले उंदीर ना शीख होते ना मद्रासी. रक्त एकच होते, फरक ताटाचा होता. मला या प्रयोगाचे मोल यात वाटते. तीच कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि तिचीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

स्कर्व्ही रोखणारे तत्त्व शेवटी कुणी हाती धरले? आल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी या हंगेरियन शास्त्रज्ञाने. १९२८च्या सुमारास केंब्रिजला असताना त्यांनी एक पांढरा पदार्थ वेगळा काढला होता, पण तो काय आहे हे त्यांना नक्की सांगता येत नव्हते. १९३२ साली हंगेरीतल्या सेगेद गावी त्यांनी आणि जोसेफ स्विर्बेली यांनी गिनीपिगना उकळून निःसत्त्व केलेल्या अन्नावर ठेवले. ज्यांना त्या पदार्थाचा रोज एक मिलिग्रॅम मिळाला ते ठणठणीत राहिले, बाकीचे स्कर्व्हीने मेले. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग हेही याच निष्कर्षाला पोचले. मात्र पुढच्या अभ्यासाला हा पदार्थ भरपूर हवा होता. एका रात्री सेंट-ग्यॉर्ग्यींच्या पत्नीने जेवणात ताजी लाल मिरची, तिथली पाप्रिका, वाढली. ती त्यांना खायची नव्हती. खात नाही म्हणण्याऐवजी ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत कळले की हा तर खजिनाच आहे. मग किलोकिलोने क जीवनसत्त्व निघाले. १९३७ साली त्यांना नोबेल मिळाले. गंमत अशी की मिरचीचे आणि गिनीपिगचे, दोघांचेही मूळ अमेरिका खंडातले. दोघांची शास्त्रीय भेट झाली ती मात्र हंगेरीत.

इतके सगळे सांगितल्यावर घरातल्या पिंजऱ्याकडे येऊ. गिनीपिगचे मुख्य अन्न गवत. स्वच्छ, बुरशी नसलेले वाळलेले गवत त्याच्यापुढे दिवसरात्र असावे. त्याचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. पोटही गवताच्या चोथ्यानेच चालते. दुभत्या जनावरांचा लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला. पण त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त असल्याने मोठ्या गिनीपिगला तो रोज नको, मूतखड्याचा धोका असतो. औषध न फवारलेली दूर्वा चालते.

क जीवनसत्त्व त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते. ढोबळी मिरचीचा एक तुकडा, कोथिंबिरीच्या चार काड्या आणि अधूनमधून पेरूची छोटी फोड यांतून ते सहज मिळते. फळात साखर असते म्हणून फोड छोटीच. पालक रोज नको. गिनीपिगसाठीच बनवलेल्या गोळ्या मिळतात, त्या थोड्याच द्याव्यात आणि आणताना तारीख पाहावी. साठवणीत त्यांतले क जीवनसत्त्व काही महिन्यांत उतरते. पाण्यात थेंब टाकण्यातही फारसा अर्थ नाही, पाण्यात ते लवकर नासते. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, चॉकलेट, दूध, पाव, बिस्किट हे देऊ नये. तो आपलीच मऊ लेंडी खाताना दिसला तर रागावू नका, त्यातून त्याला काही जीवनसत्त्वे परत मिळतात. मात्र त्याने दिवसभर तोंडात काही घातले नाही तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा.

हॅमस्टरचे पथ्य निराळे. घरोघरीचा सोनेरी हॅमस्टर सीरियातला. अलेप्पोजवळ १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने एका मादीला तिच्या पिल्लांसह बिळातून काढले, पाळीव सोनेरी हॅमस्टर प्रामुख्याने त्या पिल्लांचे वंशज. ते दाणे खातात आणि गालात साठवून ठेवतात. पांढरा उंदीर आपल्यासारखा सर्वभक्षी. दोघांना क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही. पण मिश्र दाण्यांचे पाकीट त्यांच्यापुढे ओतले की ते सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे वेचून खातात, बाकीचे टाकतात आणि लठ्ठ होतात. त्यांच्यासाठी बनवलेल्या सारख्या गोळ्या, थोडी भाजी, आणि गोडाधोडाला नाही, हे बरे.

मुलांच्या हट्टाने प्राणी घरी येतो, पण मुलांच्या परीक्षा येतात, सुट्ट्या येतात, नवा खेळ येतो. पिंजऱ्यातल्या जिवाला मात्र रोजच खायला लागते आणि त्याला जाऊन काही आणता येत नाही. आपण आणू तेच त्याचे जग. त्याला काय द्यावे हे आपल्याला आज इतके नेमके माहीत आहे, कारण त्याच्या जातीच्या हजारो जिवांना ते न देऊन आपण ते शिकलो. तेव्हा आज भाजी निवडताना कोथिंबिरीच्या चार ताज्या काड्या बाजूला काढा, धुवा आणि पिंजऱ्यात ठेवा. पाण्याची बाटलीही भरलेली आहे ना, ते पाहा.